मांढरदेवचे रडार आणि माझ्या वहीतला पाऊस

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळ्यात आपल्या दैनिकात तालुकावार पावसाचे आकडे येतात. गेली ३१ वर्षे मी ते माझ्या वहीत, माझ्या आकड्याशेजारी लिहून ठेवते आहे. वाई तालुक्यात, मांढरदेवच्या डोंगराच्या पायथ्याशी आमचे गाव. इथल्याच माध्यमिक शाळेत मी विज्ञान शिकवत होते. शाळेच्या पटांगणात एक साधा पर्जन्यमापक होता. मी निवृत्त झाले तेव्हा शाळेने नवा घेतला आणि जुना माझ्या परड्यात आला. सकाळी साडेआठला पाणी मोजपात्रात ओतायचे, डोळ्यांच्या रेषेत धरून वाचायचे आणि वहीत लिहायचे. मी गावाला गेले तर जाऊबाई वाचून ठेवतात. खंड पडलेला नाही.

गेल्या वर्षी हस्ताच्या पावसात जे घडले त्यामुळे हे पत्र लिहायला बसले आहे. संध्याकाळी सव्वापाचला वैराटगडाच्या अंगाने आभाळ काळे झाले आणि पावणेसातपर्यंत पाऊस नुसता ओतत होता. पागोळ्यांची धार अंगणात टेकत नव्हती, भिंतीपासून हातभर लांब पडत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मोजला, ८२.४ मिलिमीटर. मोजपात्र चार वेळा भरले. शेजारच्या शेतकऱ्याने सोयाबीन कापून गंज लावली होती, वरून ताडपत्री होती, पण पाणी खालून शिरले. त्याच्या आल्याच्या सऱ्यांमध्ये दोन दिवस पाणी उभे राहिले आणि पंधरवड्यात कंद मऊ पडू लागले. हाताने माती बाजूला केली की आल्याचा वास यायचा त्या जागी आंबूस वास यायचा.

आमच्या महसूल मंडळाचा पर्जन्यमापक इथून नऊ किलोमीटरवर आहे. मध्ये एक ओढा आणि एक टेकडी. तिथे त्या संध्याकाळी १७ मिलिमीटर पाऊस झाला. चोवीस तासांत मंडळात ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला तर ती अतिवृष्टी, असा शासनाचा निकष आहे. त्यामुळे आमच्या गावात त्या दिवशी कागदोपत्री अतिवृष्टी झाली नाही. मी वही घेऊन संबंधित कार्यालयात गेले. तिथल्या माणसाने ती आदराने पाहिली, मला चहा दिला आणि सांगितले, "बाई, तुमचा आकडा खरा असेल. पण माझ्या फॉर्मवर मंडळाचा आकडा लिहायचा रकाना आहे, तुमच्या वहीचा नाही." त्याचे काही चुकले नाही. त्याच्या हाती दुसरा आकडाच नव्हता.

संपादक महोदय, तो दुसरा आकडा अस्तित्वात असू शकतो. आमच्या डोक्यावरच्या डोंगरावरून रडारने तो घेता येतो. हेच सांगण्यासाठी हा पत्रप्रपंच.

आधी हिशेब मांडते. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ ३ लाख ८ हजार चौरस किलोमीटर, महसूल मंडळे दोन हजारांच्या वर. म्हणजे एका मंडळाच्या वाट्याला साधारण १५० चौरस किलोमीटर जमीन येते. माझ्या पर्जन्यमापकाचे तोंड २०० चौरस सेंटिमीटर, जेवणाच्या ताटाहून लहान. मंडळातही अशा एकाच भांड्यावर भिस्त असेल, तर भागाकार करून बघा. साडेसातशे कोटी भागांतल्या एका भागात जे पडले त्यावरून आपण बाकीच्या सगळ्या जमिनीवर काय पडले ते ठरवतो. आषाढात झड लागलेली असते, पाऊस सगळीकडे सारखाच रिपरिपतो, तेव्हा हे चालून जाते. वळवाला आणि परतीच्या पावसाला ते चालत नाही. जुनी माणसे म्हणायची, बैलाचे एक शिंग भिजते आणि दुसरे कोरडे राहते. त्यांनी पर्जन्यमापक पाहिला नव्हता, पण पाऊस नीट पाहिला होता.

२६ जुलै २००५ ला मुंबईने हे मोठ्या प्रमाणावर पाहिले. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दिवशी कुलाब्याला ७४ मिलिमीटर. एकाच शहरात, पंचवीसेक किलोमीटरच्या अंतरात. त्या वेळी मुंबईला डॉप्लर रडार, म्हणजे रेडिओ लहरी सोडून लांबचा पाऊस आणि त्याची चाल टिपणारे यंत्र, नव्हते. पुढे डॉ. माधवराव चितळे यांच्या समितीने त्या प्रलयाचा अभ्यास केला, कुलाब्याला डॉप्लर रडार आले, २०२२ मध्ये वेरावलीला आणखी एक आले. मुंबईकरांना आता सर कुठून येते आहे ते मोबाइलवर बघता येते.

आम्हाला त्या रडारचा उपयोग किती, ते सांगते. कुलाब्यापासून वाई सरळ रेषेत दीडशे किलोमीटर. रडारचा झोत थोडा वर कलता ठेवावा लागतो आणि पृथ्वी तर खाली वळत जाते. अर्धा अंश वर कललेला झोत इथे पोचेपर्यंत समुद्रसपाटीपासून अडीच किलोमीटरहून वर गेलेला असतो, आणि पसरून अडीच किलोमीटर रुंदही झालेला असतो. मध्ये सह्याद्रीची रांग आडवी आहे. घाटातले पावसाचे ढग बऱ्याचदा बुटके असतात. झोत त्यांच्या टाळूवरून निघून जातो. खाली चिंब पाऊस आणि पडद्यावर काही नाही, असे होते ते यामुळे.

म्हणूनच पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने, ज्याला सगळे आयआयटीएम म्हणतात, मांढरदेवची जागा निवडली. काळूबाईच्या डोंगरावर, समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंचीवर, त्यांनी एक्स बँडचे आणि केए बँडचे (वेगवेगळ्या लांबीच्या रेडिओ लहरींची) अशी दोन फिरती रडारे आणून उभी केली आणि तिथून अनेक पावसाळे घाटाच्या ढगांचा अभ्यास केला. तिथून एका बाजूला महाबळेश्वरचे पठार आणि कृष्णेचे खोरे, दुसऱ्या बाजूला भोरचे डोंगर. पाऊस घाटमाथ्यावर तुटून पडतो आणि पूर्वेकडे येता येता आटत जातो, तो सगळा पट्टा त्या एका जागेवरून दिसतो. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी सहा हजार मिलिमीटरच्या जवळपास पाऊस. माझ्या वहीत वर्षाची बेरीज क्वचितच एक हजाराला पोचते. हवेतून अंतर तीस किलोमीटरदेखील नाही. ढगांचा अभ्यास करायला याहून चांगली जागा देशात थोडीच असेल, असे मला मनापासून वाटते.

रडार वर्गात शिकवताना मी मुलांना पांडवगडाखाली नेऊन हाका मारायला लावत असे. हाक कड्यावर आपटून परत येते, किती वेळाने आली यावरून कडा किती लांब ते कळते. रडार हीच हाक रेडिओ लहरींची मारते. तीस किलोमीटरवरच्या सरीपर्यंत जाऊन परत यायला लहरीला एका सेकंदाचा पाच हजारावा भाग लागतो. परत आलेला प्रतिध्वनी किती जोरदार आहे यावरून पाऊस किती, आणि लहर किंचित बदलून आली असेल तर त्यावरून थेंब आपल्याकडे येतायत की लांब जातायत हे समजते. कुलाब्याच्या रडारची लहर सुमारे दहा सेंटिमीटरची, एक्स बँडची तीन सेंटिमीटरची, केए बँडची आठेक मिलिमीटरची. लहर जितकी आखूड तितकी लहान तबकडीतूनही बारीक नजर मिळते. केए बँडला तर पाऊस सुरू होण्याआधीचे ढगातले बारीक कणही दिसतात. आखूड लहरीची अडचण अशी की ती जोरदार पावसात शोषली जाते आणि पुढच्या सरीआड मागची सर झाकली जाते. तिचा पल्लाही कमी. म्हणून ती जवळ लागते, ज्या खोऱ्याला गरज आहे त्याच खोऱ्याच्या डोंगरावर.

आमचे गाव मांढरदेवच्या माथ्यापासून हवेतून दहा किलोमीटर. एक अंश रुंदीचा झोत इथे पोचतो तेव्हा जेमतेम पावणेदोनशे मीटर रुंद असतो. माझ्या शेजाऱ्याच्या आल्यावर काय पडले आणि ओढ्यापलीकडच्या शिवारात काय पडले, हा फरक त्याला ओळखता येतो. काही मिनिटांत तो सगळ्या आभाळावरून फिरून पुन्हा तिथेच येतो. मंडळाचे भांडे नऊ किलोमीटरवर आहे, हे विसरू नका.

यावर जाणकार लगेच म्हणतील की रडार पाऊस मोजत नाही, अंदाज बांधते. खरे आहे. ते का खरे आहे ते मी मुलांना पिठाच्या परातीने दाखवत असे. मोठी परात घ्यायची, त्यात बोटभर जाडीचा मैदा चाळणीने भुरभुरून सपाट करायचा, वर सूप धरायचे. पाऊस सुरू झाला की सूप बाजूला करायचे, दोन-तीन सेकंद थांबायचे आणि पुन्हा झाकायचे. प्रत्येक थेंब पिठात पडतो आणि त्याची गोळी होते. रात्रभर वाळू द्यायचे, सकाळी चाळायचे, चाळणीत थेंब शिल्लक राहतात. अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या विल्सन बेंटली या शेतकऱ्याने १९०४ मध्ये ही युक्ती छापून प्रसिद्ध केली. हिमकणांच्या छायाचित्रांसाठी तो जगभर ओळखला जातो. आमच्या शाळेत आषाढातल्या झडीचे थेंब राजगिऱ्याएवढे निघायचे, फार तर मोहरीएवढे. वैशाखातल्या वळवाचे तुरीएवढे, एखाददुसरा वाटाण्याएवढा. मुले त्या गोळ्या काड्यापेटीत भरून नावे घालून ठेवायची. काही पेट्या अजून माझ्याकडे आहेत.

आता गणित बघा. थेंबाचा व्यास दुप्पट झाला तर त्यातले पाणी आठपट होते, पण रडारकडे परत जाणारा प्रतिध्वनी चौसष्टपट होतो. म्हणजे एक मिलिमीटरचे ६४ थेंब आणि दोन मिलिमीटरचा एक थेंब रडारला सारखेच वाटतात, पण पाणी पहिल्यात आठपट जास्त. महाबळेश्वरकडचा पाऊस बारीक थेंबांचा, प्रचंड संख्येचा. रडारला तो फिका दिसतो आणि खाली ओढे-नाले भरून वाहतात. आमच्याकडचा वळीव मोजक्या मोठ्या थेंबांचा, तो पडद्यावर लालभडक दिसतो. प्रतिध्वनीवरून पाऊस काढायचे सूत्र मार्शल आणि पामर यांनी १९४८ मध्ये कॅनडात मांडले. ते सह्याद्रीच्या दोन्ही बाजूंना तसेच्या तसे लावले तर एका बाजूला पाऊस कमी भरेल आणि दुसऱ्या बाजूला जास्त. शिवाय डोंगरावरून गेलेला झोत आमच्या शेतापासून सहाशे मीटरहून वर असतो. तिथून खाली येताना कोरड्या हवेत काही पाणी वाफ होऊन जाते. आमच्याकडे ज्येष्ठात पावसाचे पडदे आभाळातून लोंबताना दिसतात आणि जमिनीला टेकतच नाहीत, ते हेच.

यावर उपाय आहेत आणि शास्त्रज्ञ तेच करत आहेत. मांढरदेवला आणलेले एक्स बँड रडार दोन दिशांच्या लहरी सोडते, एक आडवी आणि एक उभी. मोठा थेंब पडताना हवेच्या दाबाने खालून चपटा होतो, पावासारखा दिसतो. आडव्या लहरीचा प्रतिध्वनी उभ्यापेक्षा जोरदार आला की थेंब मोठे आहेत असे समजायचे. म्हणजे आमच्या परातीत जे सकाळी कळायचे ते रडारला तिथल्या तिथे कळते. त्याचबरोबर महाबळेश्वरला २०१२ पासून त्याच संस्थेची ढगांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा आहे, तिथे जमिनीवर थेंबांचे आकार मोजतात. रडारला वर काय दिसले आणि खाली काय पडले, याची सांगड घालता येते. घाटातले कितीतरी ढग पाच किलोमीटरच्या उंचीपर्यंत, म्हणजे जिथे पाणी गोठते तिथपर्यंत, पोचतच नाहीत आणि तरी मुसळधार पाऊस देतात. उलट आमच्या वळवाचा थेंब बऱ्याचदा वर बर्फ असतो आणि उतरताना वितळतो. वितळण्याची ती उंची रडारच्या उभ्या छेदात झगझगीत पट्ट्यासारखी दिसते. हे मी प्रथम एका व्याख्यानात पडद्यावर पाहिले तेव्हा वयाची पन्नाशी उलटली होती. जन्मभर ज्या आभाळाखाली राहिले ते आतून कसे आहे ते त्या दिवशी दिसले. घरी येईपर्यंत मी कोणाशी बोलले नाही.

हे सगळे ज्ञान शोधनिबंधांत जाते आणि जायलाच हवे. माझे म्हणणे एवढेच की त्यातला एक साधा आकडा गावात यायला हवा. रोज सकाळी साडेआठला, गेल्या चोवीस तासांत प्रत्येक गावाच्या शिवारात किती पाऊस पडला असावा याचा रडारवरून काढलेला अंदाज, कमीत कमी इतका आणि जास्तीत जास्त इतका असा. मराठीत. तलाठ्याला छापून घेता येईल आणि सरपंचाला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिता येईल असा. आणि तो पुसला जाऊ नये. आज मोबाइलवर रडारचे रंगीत चित्र दिसते, ते थोड्या वेळाने पुढे सरकते आणि सामान्य माणसाच्या हाती मागे काही राहत नाही. नुकसान मात्र कधीकधी पंधरा दिवसांनी दिसते. हस्तातल्या त्या संध्याकाळची नोंद आमच्या शिवाराच्या नावाने कुठेतरी लिहिलेली असती, "इथे ६० ते ९० मिलिमीटर पाऊस झाला असावा" एवढेच जरी, तरी त्या कार्यालयातल्या माणसाला पंचनाम्यासाठी कोणाला तरी पाठवायला आधार मिळाला असता.

संशोधनाचे फिरते रडार बारमाही कामाला जुंपता येत नाही, हे मला समजते. डोंगरावर धुक्यात, वाऱ्यात, विजेच्या कडकडाटात यंत्र चालू ठेवायचे तर माणसे लागतात, सुटे भाग लागतात, अखंड वीज लागते. म्हणून मागणी अशी की या खोऱ्यासाठी कायमचे एक्स बँड रडार बसवावे आणि मांढरदेवच्या अनुभवावरून त्याची सूत्रे ठरवावीत. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने दोन हजार कोटींचे 'मिशन मौसम' मंजूर केले, त्यात रडारांची संख्या वाढवणे आहेच. महानगरांना रडार मिळाले याचा मला आनंद आहे. पण रोजचे पोट पावसावर चालते ते आमच्याकडे, आणि पाऊस सर्वात लहरी आहे तोही आमच्याकडे, घाटाच्या उतरणीवर. जपानने शहरांसाठी आणि नद्यांच्या खोऱ्यांसाठी एक्स बँड रडारांचे जाळे विणले आहे. अडीचशे मीटरच्या चौकटीत, दर मिनिटाला पाऊस किती, हे तिथे कोणालाही पाहता येते. तिथेही डोंगर आहेत आणि डोंगरातला पाऊस आहे.

आणि रडार आले म्हणून पर्जन्यमापक मोडीत काढू नयेत, उलट वाढवावेत. रडारला खालून खरे सांगणारे कोणीतरी लागते. प्रत्येक माध्यमिक शाळेत एक पर्जन्यमापक आणि एक वही, एवढे झाले तरी एका मंडळात पाच-सहा ठिकाणचे आकडे मिळतील. काम अवघड नाही. सातवीतली मुलगी दोन दिवसांत शिकते. एकच शिस्त पाळावी लागते, शून्य असले तरी शून्य लिहायचे. माझ्या वहीत सर्वात जास्त वेळा शून्यच आहे. पण ज्या दिवशी मंडळात पाऊस होता आणि आमच्याकडे शून्य होते, ते दिवस शास्त्रज्ञांनाही हवे असतील असे मला वाटते. रडारने आमच्या डोक्यावर पाऊस दाखवला आणि जमिनीवर थेंबही आला नाही, असे दिवस त्यांत नक्की सापडतील.

संबंधित शास्त्रज्ञांपैकी कोणाच्या वाचनात हे पत्र आले तर त्यांना विनंती आहे. माझ्याकडे १९९४ पासूनच्या ३१ वह्या आहेत. मांढरदेवला रडार होते त्या पावसाळ्यांच्या नोंदी त्यांत आहेत. रोजच्या पावसाशिवाय सर कधी सुरू झाली आणि कधी थांबली तेही बऱ्याच दिवसांचे लिहिलेले आहे. दोन वह्यांना वाळवी लागली होती, त्यांच्या कडा गेल्या आहेत, आकडे शाबूत आहेत. मी त्या घेऊन पुण्याला यायला तयार आहे, किंवा कोणी आले तर आमच्या ओसरीवर बसून उतरवून घेऊ. पर्जन्यमापक कुठे ठेवला आहे, झाडापासून किती लांब आहे, तेही दाखवीन. परड्यातल्या शेवग्याची एक फांदी त्याच्याकडे झुकायला लागली होती, ती मागच्या महिन्यात उतरवली.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका,
ता. वाई, जि. सातारा